टेरोसॉरच्या ठशांवर काम करणार असाल तर आधी हात शोधा

टेरोसॉर म्हणजे डायनासोरच्या काळातले उडणारे सरपटणारे प्राणी, आणि त्यांचे दगडात राहिलेले ठसे ओळखण्याबद्दल हे आहे. ट्रॅकवे (एकाच प्राण्याच्या सलग ठशांची रांग) म्हणजे काय, पावलाचं अंतर कसं मोजतात हे तुम्हाला येत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मी जिथे फसले तेवढंच सांगते. पहिल्याच प्रोजेक्टमध्ये एक सुटा, लांबट, चार बोटांचा ठसा मिळाला आणि मी तो टेरोसॉरचा म्हणून लिहून मोकळी झाले. रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न आला, "हाताचे ठसे कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांचं काम गेलं, अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

तर नीट बघा. टाच टेकवणारा, लांबट, चार बोटांचा मागचा पाय मगरीच्या कुळातल्या प्राण्यांचाही असतो, त्यामुळे नुसत्या पायावरून नाव देऊच नका. टेरोसॉरच्या हाताची तीन बोटं उमटतात, तिन्ही कमीजास्त लांबीची, आणि तिसरं, सगळ्यात लांब, ते मागे वळलेलं. चौथं बोट पंखाचं, ते दुमडून वर धरलेलं असतं म्हणून सहसा उमटत नाही. हात पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो. आता खरी गोम इथेच आहे, मगरीच्या हाताला पाच बोटं असली तरी चिखलात कधी तीनच उमटतात! म्हणून नुसती बोटं मोजून भागत नाही, बोटांची दिशा आणि हाताची जागा सलग तीन-चार पावलांत तशीच दिसली पाहिजे.

यात भलेभले अडकलेत. स्टोक्स या संशोधकाने १९५७ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या ठशांना टेराइक्नस नाव देऊन ते टेरोसॉरचे म्हटले, १९८४ मध्ये पेडियन आणि ओल्सेन यांनी केमनच्या (मगरीच्या कुळातल्या आजच्या प्राण्याच्या) ठशांशी ताडून ते मगरीकडे नेले, आणि पुढे फ्रान्समध्ये क्रेसाकला लांबलचक ट्रॅकवे मिळाले तेव्हा कुठे चार पायांवर चालणारा टेरोसॉर पक्का झाला. कोरियात तर दोन पायांवर चालणाऱ्या टेरोसॉरचे म्हणून नाव दिलेले ठसे २०२० मध्ये मगरीच्या नातलगाचे ठरवले गेले. तेव्हा तुम्ही चुकलात तर लाज वाटून घेऊ नका.

थ्रीडी मॉडेल जरूर करा, पण ते करून प्रत्यक्ष दगड बघणं टाळणाऱ्यांचं मला पटत नाही. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तुमच्यासोबत गुडघे टेकून बसेल असा संशोधनाचा गाईड धरा, फोटो बघून लगेच नाव सांगणारा नको.

आणि फक्त हातच सापडले, पाय नाहीत, तर घाबरू नका. या प्राण्यांचा भार पुढे जास्त पडायचा, हात खोल रुततात, पाय हलके टेकतात, त्यामुळे नुसत्या हातांचे ट्रॅकवेही मिळतात.