प्राथमिकच्या वर्गात चित्रकार नेताना

नव्याने रुजू झालेल्या प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला भाषा-गणिताबरोबर कला आणि कार्यानुभवाच्या तासिकाही येतात. पहिली ते चौथीच्या शाळेत स्वतंत्र कलाशिक्षक बहुधा नसतोच. मग फळ्यावर एक चित्र काढून द्यायचं आणि मुलांनी ते वहीत उतरवायचं, अशी सवय पडते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळण घेत येणारी नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात चार पक्षी. आमच्या साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात नारळ फक्त देवळात आणि दुकानात दिसतो, तरी आमची मुलंही हेच चित्र काढायची. ओढ्याकडेची बाभळ, पाण्याचा टँकर, चारा छावणी त्यांच्या वहीत कधी यायची नाही.

या ठरलेल्या चित्रातून मुलांना बाहेर काढायला मला मोठे चित्रकार उपयोगी पडले. पण चित्रकार वर्गात आणायचा म्हणजे त्याचं गाजलेलं चित्र उतरवायला द्यायचं नाही. आठ वर्षांच्या मुलाने ते उतरवलं की त्याला एकच गोष्ट कळते, आपल्याला त्याच्यासारखं जमत नाही. मुलांना द्यायची ती चित्रकाराची काम करण्याची रीत. त्याने काय वापरलं, काय मुद्दाम सोडून दिलं, कशाकडे पुन्हा पुन्हा पाहिलं, एवढं मुलांना दिलं की विषय ती आपला आपण आणतात.

सुरुवात जिव्या सोमा मशे यांच्यापासून करा. डहाणू तालुक्यातले हे वारली चित्रकार. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा मान बायकांचा. मशे यांनी लग्नाचा प्रसंग नसतानाही रोज चित्रं काढली, भिंतीवरून ती कागदावर आणि कापडावर आणली आणि जगभर पोचवली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. मुलांना एवढी गोष्ट पुरते. मग सांगायचं की आपल्याकडे तीनच आकार आहेत, गोल, त्रिकोण आणि चौकोन. धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, हातपाय म्हणजे रेघा. डोळे, नाक, तोंड काढायचं नाही.

इथे मुलं अडतात आणि हे अडणंच फार मोलाचं आहे. चेहरा नाही तर माणूस दमलाय हे दाखवायचं कसं? तिसरीतल्या एका मुलीने हंडा घेतलेली आजी काढली होती. वरचा त्रिकोण तिने पुढे कलवला, गुडघ्यात रेघ मोडली आणि हंड्याचा गोल मुद्दाम मोठा केला. कोणी सांगायच्या आत वर्गातली पोरं म्हणाली, "ही दमलीय." चित्रकलेतला एवढा मोठा धडा फळ्यावर शिकवून झाला नसता.

सामान साधंच. खाकी कागदावर गेरू फासायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घालायचा आणि बांबूची काडी टोकाला ठेचून कुंचला करायचा. चुना वापरू नका, लहान हातांना भाजतो. आणि एक विनंती. वारली म्हणजे वहीच्या कडेची नक्षी, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. ही चित्रं शेतीची, लग्नाची, देवाची आणि तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाची आहेत आणि आजही काढली जातात. पालघर जिल्ह्यात तुमची नेमणूक असेल तर एखाद्या मुलाच्या आजीलाच वर्गात बोलवा. तुमच्या-माझ्यापेक्षा ती कितीतरी चांगलं शिकवील.

माझा सगळ्यात आवडता तास आन्री मातीसचा. हा फ्रेंच चित्रकार 1869 साली जन्मला. 1941 मध्ये त्याच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर उभं राहून रंगवणं त्याला अवघड झालं. मग तो खुर्चीत, अंथरुणात बसून कात्रीने कागद कापू लागला. मदतनीस कागद रंगवून द्यायचे, तो त्यांतून थेट आकार कापायचा आणि ते भिंतीवर लावून घ्यायचा. पुन्हा बघायचं, पुन्हा हलवायचं. हे मुलांना सांगितलं की वर्ग गप्प होतो. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस अनेकांनी पाहिलेलं असतं.

या तासाला पेन्सिल बंद. "बाई, आधी पेन्सिलने काढून घेऊ?" असं दहा जण विचारतील, ठाम राहा. पेन्सिलची रेघ आली की मूल तिच्यावरून कापत जातं आणि सगळा जीव ती रेघ सांभाळण्यात जातो. रेघ नसली की कात्रीच चित्र काढू लागते. कातरकामाची एक युक्ती पहिल्याच दिवशी शिकवा. कात्री धरलेला हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. वळणं गोल येतात, कागद फाटत नाही. कात्र्या बोथट टोकाच्या घ्या. पहिलीच्या मुलांना कात्री देण्याआधी काही आठवडे नुसतं कागद फाडून चिकटकाम करू द्या, बोटांत जोर आणि नेमकेपणा त्याने येतो.

कागद आदल्या तासाला मुलांनीच रंगवावेत. कार्यालयातले पाठकोरे कागद घ्यायचे आणि एका कागदाला एकच रंग मोठ्या ब्रशने द्यायचा. दुकानातला घोटीव कागद चकचकीत असतो, पण स्वतः रंगवलेल्या कागदावर ब्रशचे फराटे राहतात आणि चित्राला जीव येतो. खाली पडलेले तुकडे फेकू नका. पान कापून उरलेला पोकळ कागद हासुद्धा एक आकार असतो. तो उचलून मुलांसमोर धरा आणि काय दिसतं ते विचारा.

मातीसची ‘गोगलगाय’ 1953 सालची. रंगीत कागदांच्या मोठ्या तुकड्यांची ही रचना रुंदीला आणि उंचीला जवळजवळ तीन मीटर आहे. मोबाईलवर दाखवलं तर ते तळहाताएवढं चित्र! म्हणून मैदानावर खडूने तेवढा चौकोन आखा आणि मुलांना आत उभं करा. मग त्याच्या शेजारी डच चित्रकार व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्री’चा चौकोन आखा, साधारण 74 गुणिले 92 सेंटीमीटर. पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात, आणि चित्र केवढं आहे हे कळल्याशिवाय ते पाहिल्यासारखं होत नाही. मापनाचा पाठही यात आपसूक होतो.

व्हॅन गॉगबद्दल एक सांगते. त्याने स्वतःचा कान कापल्याचा प्रसंग लहान वर्गात सांगू नका. तो सांगितला की मुलांच्या डोक्यात तेवढाच उरतो. धाकटा भाऊ थिओ त्याला पैसे पाठवायचा, दोघं एकमेकांना पत्रं लिहायचे, आणि 1889 मध्ये रुग्णालयात असताना खिडकीतून दिसणाऱ्या आकाशावरून त्याने हे चित्र केलं, ही गोष्ट मुलांना हवी असते. नंतर प्रश्न विचारा, वारा कुठल्या बाजूने वाहतोय? मुलं बोटाने हवेत रेघा ओढू लागतात. तेच बोट मेणखडूवर आणायचं. वाऱ्याच्या, धुराच्या, ओढ्याच्या रेघा मेणखडूने दाबून काढायच्या आणि वरून पातळ निळा रंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, रेघा उठून दिसतात.

सय्यद हैदर रझा यांची गोष्ट तर शाळेतलीच आहे. 1922 साली मध्य प्रदेशात जन्मलेल्या या मुलाचं अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा गावातल्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे मुंबई, मग फ्रान्स, आणि कित्येक वर्षांनी तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. कंपास न वापरता, हाताने, एका ठिपक्याभोवती रंगांची वर्तुळं काढायला द्या. चंचल मुलं या तासाला किती शांत बसतात ते बघाच.

बंगालचे चित्रकार जामिनी रॉय चौथीला घ्यावेत. मोजके रंग आणि ठसठशीत काळी रेघ. ते चिंचोक्याची खळ वापरत. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून शिजवले की खळ तयार. त्यात हळद, गेरू, काजळी मिसळून रंग करून बघा, कार्यानुभवाची तासिका सत्कारणी लागेल.

तासाचा अर्धा वेळ बघण्यात जाऊ द्या. चित्र दाखवल्यावर लगेच माहिती सांगायची नाही. काय दिसतंय, आणखी काय दिसतंय, असं विचारत राहायचं. चित्रकाराचं नाव शेवटी. शक्य असेल तिथे दोन तासिका सलग घ्या, कारण रंग काढून, धुऊन, आवरून होईपर्यंत एक तासिका संपते. मुख्याध्यापकांना वेळापत्रक करतानाच सांगून ठेवलं तर जमतं.

मूल्यमापनाच्या नोंदी हा नव्या शिक्षकांना नेहमी पडणारा प्रश्न. ‘चित्र छान काढतो’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘तीनच आकार वापरून बाजारातली गर्दी दाखवली’, ‘उरलेल्या तुकड्यांतून नवा आकार शोधला’, असं लिहा. वर्षअखेरीला पालकांशी बोलताना याच नोंदी कामाला येतात. पालक चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेबद्दल विचारतात. ती मोठ्या वर्गांची परीक्षा आहे, तिची तयारी दुसरीत सुरू करू नये, हे त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

स्वतःसाठीही थोडं करा. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्रीभवानी संग्रहालय जरूर बघा. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्मांची मूळ चित्रं आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. मुलांची सहल काढता आली तर उत्तम. जाताना प्रत्येकाला एकच काम द्या. एक चित्र निवडायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि परत येईपर्यंत त्यातल्या पाच गोष्टी लक्षात ठेवायच्या. संग्रहालयात एवढंच. वही-पेन्सिल दुसऱ्या दिवशी वर्गात.