अमेरिकेतली जुनी अध्यक्षीय डिबेट कशी अभ्यासावी

क्लिपपासून सुरुवात करू नका. क्लिपमध्ये गाजलेले वाक्य असते, ते ज्या प्रश्नावर आले तो प्रश्न नसतो. एकच डिबेट निवडा आणि अथपासून इतिपर्यंत पाहा. १९६०पासूनच्या डिबेटचे शब्दांकन अध्यक्षीय डिबेट आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते.

पहिल्यांदा २६ सप्टेंबर १९६०ची शिकागोतली डिबेट घ्या : डेमोक्रॅट केनेडी विरुद्ध रिपब्लिकन निक्सन. आधी नियम वहीत उतरवा : सुरुवातीला प्रत्येकी ८ मिनिटे, मग पत्रकारांचे प्रश्न, विषय फक्त देशांतर्गत. हे न पाहता बसलात तर परराष्ट्र धोरणावर दोघे इतके कमी का बोलले, याचा भलताच अर्थ लागतो.

आता पडदा झाकून नुसता आवाज ऐका आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'उत्तर दिले', 'बगल दिली' अशी खूण करा. दुसऱ्या दिवशी चित्रासह पाहा. खुणा बदलाव्याशा वाटतील, तिथे थांबून कारण लिहा. निक्सन ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या संसर्गाने रुग्णालयात होते. चेहरा उतरलेला आणि करडा सूट करड्या पार्श्वभूमीत मिसळलेला. 'रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले' असे नेहमी सांगितले जाते, ते मात्र पुरावा म्हणून लिहू नका. त्यामागची पाहणी फार छोटी होती.

नंतर ६ ऑक्टोबर १९७६ची सॅन फ्रान्सिस्कोतली डिबेट : तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड विरुद्ध कार्टर. पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, हे फोर्ड यांचे उघड चुकीचे वाक्य सगळ्यांना ठाऊक असते. खरा धडा पुढच्या मिनिटात आहे. पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी चकित होऊन पुन्हा विचारले, म्हणजे सावरायची संधीच दिली. फोर्ड यांनी युगोस्लाव्हिया, रुमानिया, पोलंड अशी नावे घेऊन तेच ठासून सांगितले. म्हणून गाजलेल्या वाक्यानंतरची किमान दोन मिनिटे ऐकाच.

निकालाशी सांधा जोडताना हात आखडता ठेवा. १९६०मध्ये केनेडी जिंकले, पण सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत फरक साधारण १ लाख १२ हजारांचा होता. इतक्या अटीतटीत कुठल्याही एका कारणाला श्रेय देता येते, म्हणूनच ते फक्त डिबेटला देऊ नये.

वर्षांची तुलना करायची तर १९६४, १९६८ आणि १९७२ रिकामी सोडा. तेव्हा अध्यक्षीय उमेदवारांची डिबेट झालीच नाही. जून २०२४च्या अटलांटातल्या बायडन-ट्रम्प डिबेटमध्ये प्रेक्षक नव्हते आणि पाळी नसलेल्याचा माइक बंद असे. त्यामुळे मध्येच तोंड घालण्याची मोजदाद जुन्या डिबेटशी करायची असेल, तर हा फरक रकान्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा.