विरहगीत, एक खिडकी आणि एक पिवळा बल्ब

चित्रीकरणासाठी गाणं हातात आलं की लाइटची यादी करायला बसू नका. आधी ते शांतपणे ऐका आणि कागदावर लिहा: नायिकेचं मन नेमकं कुठल्या ओळीवर पालटतं? लायटिंग करायचं ते त्या ओळीसाठी. चारी बाजूंनी लाइटचे पॅनल लावून सगळं सारखं उजळलंत, तर ती ओळ येते आणि निघून जाते, पडद्यावर काहीच घडत नाही.

समजा, विरहाचं गाणं आहे. जुन्या वाड्यातली माडी, एक खिडकी, तुळईला लोंबणारा पिवळा बल्ब, नऊवारीतली नायिका. खिडकीबाहेर 5600 केल्विनचा मोठा एलईडी लावा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तितका रंग निळसर, लहान तितका केशरी), उजेड मऊ व्हावा म्हणून त्याच्यापुढे बटर पेपरची चौकट धरा. बल्ब असतो साधारण 2700 केल्विनचा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते, 4000वर ठेवलात की खिडकी आपोआप निळसर होते आणि बल्ब केशरी. लाइटवर लावायच्या रंगीत जिलेटिन कागदाची गरजच पडत नाही.

ध्रुवपद खिडकीशी घ्या. उजेड एका गालावर, दुसरा गाल अंधारात. खोलीच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येतो आणि तो अंधार मारतो, म्हणून त्या बाजूला काळं कापड टांगा. आठवणीच्या कडव्याला ती चालत बल्बखाली येते. शेवटच्या ध्रुवपदाला तीच खिडकी, तीच फ्रेम, फक्त बल्ब बंद. शब्द तेच असतात, पण आता ते ऐकताना पोटात कालवतं.

बल्ब फिलामेंटचाच आणा आणि डिमरवर घ्या, म्हणजे तार दिसते आणि रंगही आणखी तांबूस होतो. चेहऱ्यावर पुरेसा उजेड मात्र त्याच्याकडून येणार नाही. फ्रेमच्या जरा वर, त्याच दिशेनं, त्याच रंगाचा छोटा लाइट लपवा.

आता नथ. क्लोजअपमध्ये नथीचे मोती मेलेले दिसले तर अख्खा चेहरा विझतो. उजेड परतवायला गुडघ्याच्या उंचीवर पांढरा थर्माकोल तिरका धरायला सांगा आणि तो हळूहळू जवळ आणा. मोत्यावर आणि बुबुळात एकेक ठिपका उमटला की थांबा. आणखी वीतभर पुढे आला तर अंधारातला गाल भरतो आणि मघाचं काळं कापड फुकट जातं. सावळा चेहरा असेल तर तो गोरा करायच्या फंदात कृपा करून पडू नका. रुंद, मऊ उजेड तिरका घ्या. गालफडावर जी चमक येते तिच्यासारखं सुंदर काही नाही.

खिडकीतून झोत दिसायला हवा असेल तर हवेत काहीतरी लागतं. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी 1959च्या ‘कागज के फूल’ या हिंदी चित्रपटासाठी आरशांनी ऊन वळवून स्टुडिओत आणलं होतं, तो झोत प्रत्येक कॅमेरामननं बघावाच. आपल्याला हवेत धुपाचा धूर पुरतो, फक्त दार आणि पंखा बंद ठेवा. धूर पातळ पसरू द्या, मगच टेक घ्या. झोतासाठी खिडकीबाहेरचा बटर पेपर काढावा लागेल, कारण मऊ उजेडाचा झोत होत नाही.

बल्बखालचं कडवं स्लो मोशनमध्ये हवं असेल तर आपली वीज 50 हर्ट्झची आहे हे ध्यानात ठेवा. सेकंदाला 50 फ्रेम घेताना शटर 1/100 सेकंद ठेवा, नाहीतर उजेड लपलपतो. आणि सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवा, म्हणजे एडिटिंगच्या वेळी सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर ओठ बरोबर जुळतील.