सोसायटीसाठी घरून ब्रेड करताय? या चुका टाळा

शेजारपाजारच्या वीस घरांना ब्रेड पुरवणं आणि केकच्या ऑर्डरी घेणं यांत मोठा फरक आहे. केक वाढदिवसाला जातो, ब्रेड त्याच घरात दर आठवड्याला. अशा कामात जे बिघडतं ते बहुतेक वेळा हिशोबात बिघडतं: ओव्हनमध्ये मावतं किती, वेळ लागतो किती, वजन भरतं किती.

ओव्हनला झेपेल त्याहून जास्त ऑर्डर घेणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. 30 लिटरच्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) साधारण 450 ग्रॅमच्या गोळ्याचे दोनच टिन नीट बसतात. तिसरा कोंबला की हवा फिरत नाही आणि मधला लोफ कच्चा राहतो. एक घाणा 200 अंशांवर 30 ते 35 मिनिटं घेतो. टिन बदलून ओव्हन पुन्हा तापायला आणखी दहा मिनिटं. म्हणजे 12 लोफना सहा घाणे, साडेचार तास.

आता सगळं पीठ एकदमच मळलं तर काय होईल? चौथ्या घाण्यापर्यंत गोळे टिनाबाहेर येऊन पुन्हा खाली बसलेले असतील. असा ब्रेड वरून सपाट, आतून भोकाभोकांचा, आणि वासाला आंबूस. म्हणून चार-चार लोफचं पीठ दीड तासाच्या अंतरानं मळा. चार लोफचं प्रमाण: मैदा 1040 ग्रॅम, पाणी 665, तेल 40, साखर 30, मीठ 20, इन्स्टंट यीस्ट 10. पाणीसुद्धा वजनावरच मोजा. वाटीच्या मापानं दर वेळी वेगळा ब्रेड होतो.

सुरुवातीला आठवड्याचे दोन ठरलेले दिवस आणि दिवसाला आठ लोफ पुरेत. आदल्या दिवशी संध्याकाळी यादी बंद करा. उशिरा आलेल्याला पुढच्या फेरीत घेतलं तर कुणी रागावत नाही. घाईत कच्चा ब्रेड दिला तर मात्र लक्षात राहतो.

2000 वॅटचा ओटीजी सुमारे 9 अँपिअर वीज खेचतो, तोही तासन् तास. त्याला 16 अँपिअरचा पॉइंट हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, वायर वितळते.

उन्हाळ्यातही नळाचं पाणी

मळून झाल्यावर पीठ 26 अंशांच्या आसपास असावं. एप्रिल-मेमध्ये ते सहज 32 च्या वर जातं, यीस्ट धावत सुटतं, आणि चव यायच्या आधीच पीठ फुगून जातं. हिशोब सोपा आहे: 26 ची तिप्पट 78. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि हातानं मळताना वाढणारे दोन-तीन अंश वजा करा. खोली 34, मैदा 33 असेल तर पाणी 8 अंशांचं लागेल, म्हणजे बर्फ घातलेलंच.

गरम ब्रेड पिशवीत भरणं

बाहेरून सोनेरी झाला म्हणजे आतून भाजला असं नाही. लोफच्या मध्यात थर्मामीटर खुपसा. 93 ते 95 अंश दिसले की काढा. टिनातून लगेच जाळीवर काढून किमान दोन तास निवू द्या. गरम लोफची वाफ पिशवीत पाणी होऊन बसते आणि पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बुरशी धरते. भाजताना वजन दहा-बारा टक्के घटतं, हेही विसरू नका. 450 चा गोळा 400 ग्रॅमचा लोफ देतो. लेबलवर 400 लिहा.

नाचणी किंवा ज्वारी घालायची हौस असेल तर एकूण पिठाच्या वीस टक्क्यांच्या आत ठेवा. त्यांत ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारं गव्हातलं प्रथिन, नसतं. जास्त झालं की कापताना चुरा.

अंड्याबद्दल गुळमुळीत उत्तर

वरून अंडं लावलेला ब्रेडही शाकाहारी ठरत नाही. एकाच ब्रशनं दोन्ही लोफ रंगवणं हा शेजाऱ्यांच्या विश्वासाचा घात आहे. ब्रश, टिन, भांडी वेगळी ठेवा, नाहीतर अंडं पूर्ण बंद करा. पहिल्या विक्रीआधी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करा आणि 14 अंकी क्रमांक लेबलवर छापा. सोबत घटक, वजन, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, गहू-दूध-सुकामेवा यांचा उल्लेख.

सगळ्यांनाच स्वस्त

आपल्याच लोकांकडून मजुरी कशी घ्यायची, या संकोचात काम तीन महिन्यांत बंद पडतं, आणि मग कुणालाच ब्रेड मिळत नाही. 12 लोफना सहा तास गेले आणि तासाला 100 रुपये धरले तरी लोफमागे 50 रुपये मजुरीच होते; त्यावर सामान, वीज, पिशवी. भाव पूर्ण ठेवा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी वेगळी वही करा: ज्याला जमेल त्यानं एका जास्तीच्या लोफचे पैसे आगाऊ द्यावेत, आणि तो कुणाला गेला ते वहीत नावाशिवाय टिपावं.

भाजताना वीज गेली तर

दार उघडू नका. दहा मिनिटांत आली तर तेवढाच वेळ वाढवा. जास्त उशीर झाला तर तो घाणा विकू नका. नंतर पूर्ण भाजून घरी टोस्टला वापरा. टिनात फुगणारे बाकीचे गोळे लगेच फ्रिजमध्ये टाका आणि सोसायटीच्या ग्रुपवर नवी वेळ कळवा.