परीक्षेत आणि वॉर्डात कायद्याच्या या चुका टाळा

नर्सिंग, फार्मसी, फिजिओ, कुठल्याही शाखेच्या मुलांना कायद्याची व्याख्या विचारा, धडाधड म्हणून दाखवतील. पण "चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं, रुग्णाला इजा झाली, आता केस कुठे जाईल?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पोलीस स्टेशनला. पहिली चूक हीच.

एका घटनेतून तीन-चार प्रकरणं एकाच वेळी उभी राहू शकतात. ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात नातेवाईक भरपाई मागतात. फौजदारी खटल्यात सरकार शिक्षा मागतं. नर्सिंग किंवा मेडिकल कौन्सिल नोंदणीवर कारवाई करू शकते. रुग्णालयाची खातेनिहाय चौकशी आणखी वेगळी. म्हणून प्रश्न हातात आला की लगेच कलम शोधू नका. कोण मागतंय आणि काय मागतंय, ते आधी बघा. पुराव्याची कसोटीही त्यावरच ठरते. फौजदारीत गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दिवाणीत कोणाची बाजू जास्त संभवनीय एवढं पुरतं. त्यामुळे फौजदारीत निर्दोष सुटलेल्यालाही भरपाई द्यावी लागू शकते.

उलट टोकाची भीतीही नको, की प्रत्येक चुकीला तुरुंगच. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केलं की फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो.

सिनिअरकडून आलेल्या नोट्स तपासून घ्या. त्यात अजून भारतीय दंड संहितेचं ३०४-अ असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि निष्काळजीपणाने मृत्यू आता कलम १०६(१) मध्ये येतो. आधीच्या घटनांना मात्र जुनंच कलम. नव्या कलमातली एक गोष्ट मुलांच्या नजरेतून हमखास सुटते: शिक्षा पाच वर्षांपर्यंत, पण वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू ओढवला तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला दोन वर्षांपर्यंत. ही सवलत मेडिकल रजिस्टरवर नाव असलेल्या डॉक्टरची. नर्स किंवा फार्मासिस्ट त्या व्याख्येत बसत नाही. "आम्ही तर विद्यार्थी" म्हणणाऱ्यांनी तर हे कलम दोनदा वाचावं.

संमतीबाबत सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो आणि सोलापुरात तो आणखी वाढतो. पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या आजी घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे काका कन्नड, आणि फॉर्म मराठी नाहीतर इंग्रजी. मुलगा म्हणतो, "आई, हितं अंगठा दे." आजी देतात. शाई उमटली, पण कसलं ऑपरेशन, धोका काय, दुसरा उपाय आहे का, यातलं त्यांना काहीच कळलेलं नाही. ही संमती वादात टिकणं कठीण. त्यांची भाषा जाणणाऱ्याला बोलवा, त्यांनाच "काय करणार आहेत, सांगा बरं" असं विचारा आणि कोणी, कोणत्या भाषेत समजावलं ते फाईलवर लिहा.

मिळालेली संमतीही ज्या कामासाठी घेतली तेवढ्यापुरतीच. सर्वोच्च न्यायालयाच्या समीरा कोहली प्रकरणात २००८ साली हाच मुद्दा होता: तपासणीसाठी घेतलेल्या संमतीवर गर्भाशय काढता येत नाही, जिवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. आणि "नवऱ्याची सही आणा" हे वाक्य गर्भपाताच्या बाबतीत तरी बंद करा. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरेशी आहे. पालकाची संमती लागते ती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी.

अपघाताचा रुग्ण आला की "आधी पोलीस येऊ देत" म्हणणं ही जुनी खोड. सर्वोच्च न्यायालयाच्या परमानंद कटारा निकालाने १९८९ सालीच सांगितलंय, आधी जीव वाचवा. एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद उपचारासोबत होते. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर मोफत उपचार खासगी रुग्णालयालाही बंधनकारक आहेत. नाकारले तर प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

"सरकारी दवाखान्याला ग्राहक कायदा लागत नाही" हे अर्धसत्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालानुसार सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं रुग्णालय त्यातून बाहेर आहे. काहींकडून पैसे आणि काहींना मोफत असेल, तर मोफतवालेही ग्राहक ठरतात.

वॉर्डातला फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, रुग्णाचा चेहरा दिसत नसला तरी.

शेवटी नोंदी. चुकलं तर व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर मजकूर, सही, तारीख, वेळ. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. म्हणजे तुम्ही रात्री तीनला पेंगत लिहिलेली ओळ वकिलाच्या टेबलावर पोचायला तीन दिवस पुरे.