झाडाचा फोटो काढताना पान उलटून बघा

परिसरातल्या निसर्गाच्या नोंदी ठेवायच्या असतील तर सुरुवात पक्ष्यांपासून नको, ते हातोहात उडून जातात. झाड जागचं हलत नाही. आपोआप उगवलेलं एखादं झाड, झुडूप, अगदी तणसुद्धा निवडा आणि आयनॅचरलिस्ट या मोफत अ‍ॅपवर टाका.

नुसता फुलाचा देखणा फोटो ओळख पटवायला बऱ्याचदा पुरत नाही. फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, पानाची मागची बाजू, देठाचा तळ, साल, असलंच तर फळ, असे चार-पाच फोटो एकाच नोंदीत जोडा. तारीख-ठिकाण हवंच. अ‍ॅपवर झाडाची ओळख सांगणाऱ्या लोकांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंद ‘संशोधन दर्जा’ची, म्हणजे अभ्यासकांना वापरता येण्याजोगी होते. कुंडीतल्या किंवा लावलेल्या झाडाला हा दर्जा सहसा मिळत नाही, म्हणून ‘लागवड केलेलं’ अशी खूण करा. नेमकं हेच लोक विसरतात.

घरटं दिसलं तर मात्र नेमकं ठिकाण झाकून ठेवा, अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे. आणि फोटोसाठी फांद्या बाजूला सारू नका. आडोसा गेला की पिल्लं कावळ्याच्या नजरेत येतात.