फोरॅमच्या शिवणी दिसत नाहीत? खायचा हिरवा रंग वापरा

ठाणे-नवी मुंबईचा खडक बेसाल्टचा, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांच्या हाती फोरॅमिनिफेराचे (थोडक्यात फोरॅम, म्हणजे कवच असलेले, बहुतेक समुद्रातले एकपेशीय सूक्ष्मजीव) जीवाश्म येतात ते बहुधा कच्छहून आलेल्या नमुन्यांतून. सूक्ष्मदर्शकाखाली हे कवच पांढरंफटक चमकतं. कप्प्यांमधल्या शिवणी दिसत नाहीत, तोंड सापडत नाही, आणि ओळख अंदाजावर जाते. त्यावर वाण्याकडे मिळणारा खायचा हिरवा रंग फार कामाचा आहे.

१. नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन सुकवा.
२. शून्य नंबरच्या ब्रशचं टोक ओलं करून एकेक कवच उचला, काळ्या तळाच्या स्लाइडवर ठेवा.
३. पाण्यात अगदी फिका केलेला रंग ब्रशने नुसता टेकवा. जास्तीचा टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून घ्या.

रंग खोलगट जागी उतरतो. शिवणी रेघ मारल्यासारख्या उठून येतात, तोंडाची फट गडद होते. आता कवच उलटं करून दोन्ही बाजू पाहाच. अमोनिया (वायू नव्हे, फोरॅमचंच नाव) सारख्या प्रजातीत एका बाजूला कप्प्यांचे सगळे वेढे दिसतात, नाभीच्या, म्हणजे मधल्या खळगीच्या बाजूला फक्त शेवटचा. एकाच बाजूवरून नाव ठरवलं तर हमखास फसगत होते. शेवटच्या वेढ्यातले कप्पे मोजा, तोंड कुठे आहे ते लिहा, मगच पुस्तक उघडा.

काम झालं की साध्या पाण्याने रंग बराचसा निघतो. चिकटलेली माती काढायला व्हिनेगर किंवा लिंबू मात्र चुकूनही वापरू नका. बहुतेक कवचं कॅल्शियम कार्बोनेटची असतात, ती विरघळतात, आणि बारीक नक्षी आधी जाते.